आत्यांना कोण सांगणार?

गेल्या हिवाळ्यात एका मित्राचा फोन आला. गावाकडे त्याच्या वडिलांच्या छातीवर, स्तनाग्राच्या मागे, गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून ‘चरबीची असेल’ म्हणत त्यांनी वर्षभर ती अंगावर काढली. शेवटी बनियनवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा काकूंनी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं, स्तनाचा कर्करोग.

“अरे, हा पुरुषांना होतो?” हा मित्राचा पहिला प्रश्न. मग जरा थांबून म्हणाला, “बाबा म्हणतात, नातेवाइकांना फक्त छातीत गाठ होती एवढंच सांगा.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होतो. गर्भाचं शरीर मुलगा की मुलगी याप्रमाणे घडू लागण्याआधीच स्तनांची मूळ रचना तयार झालेली असते. वयात येताना मुलींमध्ये ती वाढते, मुलांमध्ये बहुतेक तशीच राहते. पण स्तनाग्राच्या मागे थोड्या दुग्धनलिका प्रत्येक पुरुषाला असतात आणि कर्करोग बहुधा त्यांतच सुरू होतो.

प्रमाण अर्थातच कमी आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण एक पुरुष असतो. इथे ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ४०० पुरुषांना हे निदान होतं. तेव्हा सगळ्या पुरुषांची सरसकट मॅमोग्राफी करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पुरुषांच्या छातीवरच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण एकाच बाजूला कडक, न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारा स्राव किंवा काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना लगेच दाखवा. पुरुषाच्या छातीत स्तनाची ऊती इतकी थोडी असते की गाठीला त्वचेपर्यंत किंवा खालच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला फार अंतर कापावं लागत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मित्राच्या दुसऱ्या वाक्याची.

पेशींमध्ये डीएनए तुटला की तो नीट जोडला जातो कसा, हा माझ्या संशोधनाचा विषय. या दुरुस्तीत बीआरसीए-२ नावाचं जनुक महत्त्वाचं काम करतं. ते १३व्या गुणसूत्रावर असतं आणि १९९५ साली ब्रिटनमधल्याच संशोधकांच्या पुढाकाराने शोधलं गेलं. त्यात दोष असेल तर पुरुषांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास असते, ती शंभरात ४ ते ८ पर्यंत जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. आणि असा दोष असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो.

१३वं गुणसूत्र मुलग्यांकडेही असतं, मुलींकडेही. त्यामुळे हा दोष आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडून येऊ शकतो, आणि प्रत्येक अपत्यामागे शक्यता निम्मी. तरीही ‘घरात कुणाला होता का?’ असं विचारलं की आपल्याला आई, मावशी, आजोळची आजी आठवते. आत्या आठवत नाही. वडिलांची आत्या तर नाहीच.

मित्राच्या वडिलांची जनुकीय तपासणी झाली आणि बीआरसीए-२ मध्ये दोष सापडला. बहिणीने लगेच स्वतःची तपासणी करून घेतली. मित्र अजून ठरवतोय. पण वडिलांना दोन बहिणी आहेत, त्यांच्या मुली चाळिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांना सांगितलं गेलंय ‘छातीत गाठ होती’ एवढंच. ज्यांना ही माहिती सगळ्यात आधी हवी, त्यांच्यापासूनच ती लपवली गेली.

मी काकांना दोष देत नाही. ‘स्तन’ हा शब्द पुरुषाने स्वतःबद्दल उच्चारायचा, तोही गावात, हे सोपं नाही. आजाराच्या जनजागृतीचा रंगसुद्धा गुलाबी. पण आजाराचं नाव लपवायचं की नाही, हा माझ्या मते रुग्णाच्या संकोचापुरता प्रश्न उरत नाही. कारण या निदानात भावंडांचा आणि पुतण्या-भाच्यांचाही वाटा असतो. हे काकांना हळुवारपणे समजावणारं कुणीतरी हवं, आणि ते काम मुलानेच करायला हवं.

आपण परदेशात राहणारे लोक यात आणखी मागे पडतो. ‘इतक्या लांब आहेस, उगाच काळजी करशील’ म्हणून घरचे आजारपण सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही. मित्राचा फोन ठेवल्यावर लक्षात आलं, रोज याच जनुकांवर काम करणाऱ्या मीही बाबांना कधी विचारलं नव्हतं. त्या रविवारी विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, “माझी एक आत्या तरुणपणीच गेली. छातीचं काहीतरी होतं म्हणायचे.”

ते ‘काहीतरी’ काय होतं, हे आता कदाचित कधीच कळणार नाही. पण मी ते लिहून ठेवलंय आणि इथल्या डॉक्टरांना सांगितलंय. येत्या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा जेवलात का, पाऊस पडला का, हे विचारून झालं की वडिलांच्या बाजूचंही विचारा.