पॅनेल भिंतीवर चढण्याआधी एक वायर ओढून घ्या

ग्वाल्हेरातल्या सभागृहांचा, शाळांचा, मठ-मंदिरांचा आणि गणेशोत्सव मंडळांचा कारभार पाहणाऱ्या सगळ्यांना ही विनंती आहे. भिंतीवर दोन, चार किंवा सहा डिस्प्ले पॅनेल लावायचा तुमचा विचार असेल, तर हातातले कोटेशन एकदा नीट वाचा. त्यात पॅनेल असतील, भिंतीवरचे स्टँड असतील, एचडीएमआय वायर आणि स्प्लिटर असेल, बसवण्याची मजुरी असेल. संगणकावरून ही पॅनेल चालवण्यासाठी लागणारी सिरीयल वायर मात्र बहुधा नसेल. ती लिहून घ्या. पूर्ण खर्चाच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे, पण भिंतीवर प्लायवूड आणि पॅनेल चढल्यावर तीच वायर घालायची म्हटली की सगळे उतरवावे लागते.

रिमोट आहे की हातात, मग वायर कशाला, असा प्रश्न येतोच. रिमोटचा किरण दिसत नसला तरी तो प्रकाशच असतो आणि पसरतो. एकाच कंपनीची दोन पॅनेल शेजारी असली की डावीकडच्याची ब्राइटनेस वाढवायला जावे तर उजवीकडच्याचीही वाढते. मग एक जण शिडीवर चढून शेजारच्या पॅनेलच्या सेन्सरवर हात धरतो आणि दुसरा खालून बटणे दाबतो. एखादे पॅनेल सुरू व्हायचे राहते, म्हणून पुन्हा बटण दाबले की ते सुरू होते आणि बाकीची तीन बंद पडतात. असे चार-सहा महिने गेले की प्रत्येक पॅनेलची सेटिंग निरनिराळी झालेली असते. चार पॅनेल जोडून एकच चित्र दाखवायचे असेल तेव्हा हे फार खटकते. गवयाचा पांढरा कुर्ता एका कोपऱ्यात पिवळट, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात मळका दिसतो. ग्वाल्हेर २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत संगीताचे शहर आहे, डिसेंबरात तानसेन समारोहाला लांबून रसिक येतात. आपल्या लहान सभागृहांतही शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला गाणाऱ्याचा चेहरा नीट दिसावा, ही अपेक्षा मोठी नाही.

मोठ्या ठिकाणी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. २०१६ साली ग्वाल्हेर स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले आणि पूर्वी मध्य भारताच्या विधानसभेचे कामकाज जिथे चाले त्या मोतीमहालाच्या आवारात शहराचे नियंत्रण केंद्र आले. अशा केंद्रांत भिंतभर पॅनेल असतात. ती रिमोटने चालवत नाहीत. हुकूम संगणकावरून जातो. तीच सोय तुमच्या चार पॅनेलांतही बहुधा कंपनीने दिलेली असते, फक्त ती वापरली जात नाही.

पॅनेलच्या मागे नऊ पिनांचे एक लहानसे पोर्ट पाहा. काही मॉडेलांत त्याऐवजी हेडफोनच्या जॅकसारखे गोल भोक असते आणि त्यावर आरएस-२३२ असे लिहिलेले असते. हे मानक १९६० सालचे आहे. जुने आहे म्हणून नाक मुरडू नका. कारखान्यांतली यंत्रे आजही त्यावर बोलतात, कारण त्यात बिघडण्यासारखे फारच थोडे आहे. नऊ पिनांपैकी कामाला लागतात त्या तीन: संगणकाच्या बाजूला दोन नंबरची ऐकण्यासाठी, तीन नंबरची बोलण्यासाठी आणि पाच नंबरची ग्राउंडची. आजच्या लॅपटॉपला असे पोर्ट नसते, म्हणून यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर घ्यावा लागतो. घरगुती टीव्हीला हे पोर्ट बहुतेक वेळा नसतेच. म्हणून दुकानात ‘कमर्शियल डिस्प्ले’ मागा आणि पोर्ट डोळ्यांनी पाहून घ्या. स्वस्त पडतो म्हणून घरगुती टीव्ही सभागृहात लावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष काय टाइप करायचे ते पाहू, म्हणजे भीती जाईल. एलजीच्या बऱ्याच पॅनेलांना साधी अक्षरे समजतात. पुटी नावाचा मोफत प्रोग्रॅम उघडायचा, सिरीयल निवडायचे, वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. मग लहान लिपीतली ‘के’ आणि ‘ए’ ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून ०१, पुन्हा एक जागा सोडून ०१, आणि एंटर. पहिले ०१ म्हणजे पॅनेलचा क्रमांक, दुसरे म्हणजे ‘सुरू हो’. पॅनेल सुरू होते आणि उत्तर पाठवते, त्यात ‘ओके’ असते. हुकूम पटला नाही तर ‘एनजी’ येते. ‘के एच’ने ब्राइटनेस बदलते, ‘के जी’ने कॉन्ट्रास्ट, ‘के एफ’ने आवाज. शेवटच्या आकड्याच्या जागी ‘एफएफ’ लिहिले तर पॅनेल काही न बदलता आपली सध्याची स्थिती सांगते. चार दिवसांनी कोणी काय बदलून ठेवले हे शोधायला हे फार उपयोगी पडते.

सॅमसंगची रीत वेगळी. तिथे आकड्यांची माळ पाठवावी लागते. पहिले पॅनेल सुरू करायचे तर एए, ११, ०१, ०१, ०१, १४. एए म्हणजे सुरुवातीची खूण, ११ म्हणजे वीज, मग पॅनेलचा क्रमांक, मग पुढे किती आकडे येणार ते, मग ‘सुरू’, आणि शेवटी पडताळणीची बेरीज: ११, १, १ आणि १ मिळून १४. बेरीज चुकली तर पॅनेल हुकूम मानत नाही. या बेरजेमुळेच वायरीत गडबड होऊन भलताच हुकूम बजावला जात नाही.

हे आकडे सोळाच्या पायाचे, म्हणजे हेक्स पद्धतीचे असतात आणि नवशिक्यांचा घोळ इथेच होतो. ब्राइटनेस पन्नास हवी तर ३२ लिहायचे, शंभर हवी तर ६४. पॅनेलच्या मेनूत क्रमांक १० दिला असेल, तर एलजीला हुकूम देताना तो ‘०ए’ होतो. नऊपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि दहाव्या पॅनेलपासून काहीच ऐकू येत नाही, अशी तक्रार आली की कारण बहुतेक हेच असते.

गल्लीतल्या घरांना असतो तसा प्रत्येक पॅनेलला स्वतःचा क्रमांक द्या. नवीन पॅनेल खोक्यातून निघतात तेव्हा सगळ्यांचा क्रमांक बहुधा एकच असतो, म्हणून भिंतीवर चढवण्याआधीच मेनूत जाऊन तो बदलून घ्या आणि पाठीमागे पट्टी चिकटवून लिहा. एकाच वेळी सगळ्यांना हुकूम देण्याची सोयही असते: एलजीत क्रमांक शून्य, सॅमसंगमध्ये ‘एफई’. पण सगळे एकदम बोलू लागले तर उत्तरांची सरमिसळ होते, म्हणून असा सामुदायिक हुकूम दिल्यावर उत्तराची वाट पाहू नका. नंतर एकेकाला विचारून खात्री करा.

वायरीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ग्वाल्हेरात नुकसान व्हायचे ते तिथेच होते. आरएस-२३२ साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाचे. बऱ्याच कमर्शियल पॅनेलांना ‘इन’ आणि ‘आउट’ अशी दोन तोंडे असतात, म्हणजे एका पॅनेलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करता येते. मधल्या पॅनेलचा मुख्य स्विच बंद असला तर पुढची गप्प बसतात की नाही, हे बसवतानाच करून पाहा. ऑपरेटरची खोली बाल्कनीत आणि पॅनेल रंगमंचाच्या बाजूला, असे असेल तर आरएस-४८५ वापरा. त्याची मजल १२०० मीटरपर्यंत जाते, दोन टोकांना कन्व्हर्टर तेवढे लागतात. सरळ वायर हवी की क्रॉस, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. वायर घालून हुकूम पोहोचत नसेल तर दोन आणि तीन नंबरची पिन उलटसुलट झाली आहे का, ते आधी पाहा.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, वादळी पावसात वीज येते-जाते, जनरेटर सुरू होतो. संगणक एका फेजवर, पॅनेल दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंग कुणाचीच धड नाही, ही अनेक जुन्या इमारतींची स्थिती आहे. अशा वेळी दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये फरक पडतो आणि तो करंट बारीक सिरीयल वायरीतून वाहतो. कधी पोर्ट जळते, कधी पॅनेलचे बोर्ड. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, सगळे एकाच अर्थिंगवर आणा आणि ‘आयसोलेटेड’ कन्व्हर्टरच घ्या. तो थोडा महाग असतो, पण हे पैसे वाचवू नका.

वायर झाली, क्रमांक झाले, आता पॅनेल एकमेकांशी जुळवायची. हे काम घाईत करू नये. सगळी पॅनेल अर्धा तास चालू ठेवा, कारण थंड पॅनेलचा उजेड आणि तापलेल्या पॅनेलचा उजेड सारखा नसतो. एनर्जी सेव्हिंग, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळे बंद करा. ते चालू असेपर्यंत तुम्ही जुळवलेले पाच मिनिटांत बिघडेल. कार्यक्रमाच्या वेळी असतात तेवढेच दिवे लावा. सगळ्यांवर साधा करडा पडदा दाखवा आणि सभागृहाच्या मधोमध जाऊन उभे राहा. भिंतीपाशी उभे राहून काही कळत नाही, कारण बाजूने पाहिले की पॅनेलचा रंग बदलतो. आता सर्वांत मंद पॅनेल कोणते ते शोधा आणि बाकीची त्याच्या पातळीवर खाली आणा. उलटे करायला जाऊ नका. थकलेल्या पॅनेलात नवा उजेड येत नाही. उजेड जुळल्यावर कलर टेंपरेचर सगळ्यांचे सारखे करा आणि तरीही फरक राहिला तरच लाल, हिरवा, निळा यांना हात लावा. एक जण मधोमध बसून सांगतो, दुसरा लॅपटॉपवर एकेक आकडा बदलतो. शिडीची गरज उरत नाही, आणि तीस-चाळीस पावलांवरून पाहून केलेली जुळवणी रिमोटने केलेल्या जुळवणीपेक्षा नेहमीच चांगली येते.

जुळलेले आकडे वहीत तारखेसह लिहा. तेच आकडे एका फाइलमध्ये घातले की दर कार्यक्रमाआधी एका क्लिकवर सगळी पॅनेल पुन्हा त्या स्थितीत येतात. पायथनमध्ये पायसिरीयल नावाचे मोफत साधन आहे, त्याने हे काम थोड्या ओळींत होते. दोन हुकमांत थोडा वेळ सोडा, पॅनेल सुरू केल्यावर काही सेकंद थांबा आणि प्रत्येक उत्तर नोंदवा. एक सावधगिरी ठेवा: ‘ओके’ आले म्हणजे हुकूम पोहोचला एवढेच. बॅकलाइट गेलेले पॅनेलही ओके म्हणू शकते, म्हणून कार्यक्रमाआधी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

रात्री पॅनेल आपोआप बंद होण्याची वेळही याच फाइलमध्ये लावा. एका पॅनेलला १५० वॅट धरा. चार पॅनेल रात्री दहा तास उगीच चालू राहिली तर ६ युनिट, महिन्याला १८० युनिट. शिवाय संस्थेचे बोधचिन्ह रात्रभर एकाच जागी राहिले की त्याची पुसट छाप पडद्यावर उरते, ती बिलात दिसत नाही.

नवीन पॅनेल नेटवर्कवरूनही चालतात, ते चांगलेच आहे. पण राउटर बदलला, पासवर्ड विसरला की ते अडते. सिरीयल वायर तेव्हाही चालते. तिला पासवर्ड नसतो, म्हणून कपाटाला कुलूप मात्र लावा. शाळेच्या संगणकखोलीतल्या साध्या मॉनिटरांना सिरीयल पोर्ट नसते. त्यांची ब्राइटनेस बऱ्याचदा एचडीएमआय वायरीतूनच डीडीसी-सीआय या सोयीने बदलता येते, तेवढे शाळांनी करून पाहावे.

आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनाही सांगणे आहे. १९५७ पासून माधव इन्स्टिट्यूट या गावाला अभियंते देत आहे. एखाद्या रविवारी आपल्या वाड्याजवळच्या शाळेत किंवा मंडळात जा, लॅपटॉप न्या आणि हे काम करून द्या. करून द्याल तेव्हा फाइल फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. एका सभागृहात हे सगळे उत्तम बसवले होते. बसवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्यामागे एकाही माणसाला पॅनेल सुरू करता येईना. एक प्रत संस्थेच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि मराठी-हिंदीत लिहिलेला एक कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलेला, एवढे हवेच.

आणि कारभाऱ्यांनो, पुरवठादाराला शेवटचा हप्ता देण्याआधी त्याला लॅपटॉप लावून बसवा. एकेक पॅनेल सुरू करून दाखव, एकाचीच ब्राइटनेस कमी करून दाखव, सगळी बंद करून दाखव, असे तीनच प्रकार करायला सांगा. त्यानंतर हेच तुमच्या शिपायाला आणि एखाद्या कार्यकर्त्याला त्याच्यासमोर करू द्या. त्यांना जमले, की मगच चेकवर सही करा.