आश्रय आणि अधिकार

मुसलमानी देशांत नोकरीसाठीं जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणाविषयीं आपल्याकडील सुशिक्षित वर्गांत दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें असें कीं, तो बिचारा गळ्यांतला क्रूस सदऱ्याखालीं लपवून, जीव मुठींत धरून दिवस कंठीत असतो. दुसरें याच्या अगदीं उलट. तेथील राजे इतके उदार आहेत कीं, त्यांनीं चर्चला जागा दिली, नाताळाला परवानगी दिली. याहून त्याला अधिक तें काय हवें? पहिलें मत भीतीचें आहे, दुसरें भाबडेपणाचें. आणि या मतांचा हिरीरीनें पुरस्कार करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं त्या तरुणाची कधीं विचारपूस केली असावी.

मुळांत ‘मुसलमानी देश’ हा शब्दच आधीं तपासून घ्यावयास हवा. बहरीन व सौदी अरबस्तान यांना जोडणारा सुमारें २५ किलोमीटर लांबीचा पूल १९८६ सालीं खुला झाला. पुलाच्या अलीकडे, मनामा शहरांत, शासकानें दिलेल्या जागेवर १९३९ सालीं बांधावयास घेतलेलें चर्च आहे. पुलाच्या पलीकडील अफाट राज्यांत एकहि चर्च नाहीं, सार्वजनिक उपासनेला मुभा नाहीं. तेथले कांहीं ख्रिस्ती नोकर सुटीच्या दिवशीं हाच पूल ओलांडून प्रार्थनेला येतात. एकाच धर्माचीं, एकाच भाषेचीं, शेजारीं शेजारीं वसलेलीं हीं दोन राज्यें! हीं दोन्ही ज्या एका शब्दांत कोंबतां येतात, त्या शब्दावर सिद्धांत उभारणाऱ्यांचें धाडस मोठें म्हटलें पाहिजे.

वसईचा, साष्टीचा किंवा बारदेशचा मुलगा दुबईला अथवा कुवेतला उतरतो, तेव्हां पहिले आठ दिवस त्याला धर्माची आठवणहि होत नाहीं. एका खोलींत सहा जण आणि त्यांतली एक खाट त्याची. तिचें भाडें, कामाचे लांबलचक तास, जून महिन्यांतली ती आग आणि घरीं पाठवावयाच्या पैशांचा हिशेब, यांतच तो गुरफटलेला असतो. मग पहिला शुक्रवार येतो. गांवीं रविवारच्या मिस्सेला आईनें तीनदां हांक मारल्यावांचून न उठणारा हा गृहस्थ शुक्रवारीं आपण होऊन चर्चची वाट धरतो. कारण कुवेतांत सुटी शुक्रवारची, म्हणून मुख्य गर्दीहि शुक्रवारची. (अमिरातींनीं २०२२ च्या आरंभापासून शनिवार-रविवारची सुटी केली आहे.) १९६७ सालीं उघडलेल्या दुबईच्या सेंट मेरी चर्चमध्यें इंग्रजी, अरबी, मल्याळम्, कोंकणी, फिलिपिनो अशा कितीतरी भाषांतून उपासना चालते. पण आमच्या मतें तेथील खरी घडामोड उपासना आटोपल्यानंतर आवारांत होते. कोठें जागा रिकामी आहे, कोणता मालक पगार थकवितो, गांवीं कोणाचें लग्न ठरलें, हें सारें तेथें कळतें. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास गोव्यांतील गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेल्या ‘कूड’ नांवाच्या बिऱ्हाडखोल्या होत्या व कांहीं अद्याप आहेत. बोट मिळेपर्यंत खलाशी आपली पेटी घेऊन तेथें पडून राही. त्या कुडीचें काम आतां या आवारानें पत्करलें आहे. येथें श्रद्धा वाढते कीं सोबतीची भूक भागते, हा वाद धर्मगुरूंनीं खुशाल घालावा. आम्हांस त्या दोहोंत फारसा भेद दिसत नाहीं.

रमझानांत दिवसा चारचौघांत खाणेंपिणें हा कुवेतांत १९६८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. नवखा मनुष्य हें एका दिवसांत शिकतो. स्वतः ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पाळणाऱ्याला दुसऱ्याच्या उपवासाचा जाच तो कितीसा होणार? धर्मप्रसाराला बंदी आहे खरी. पण तो नळजोडणी करावयास किंवा खातेवह्या लिहावयास गेलेला असतो. प्रवचनें करावयास नव्हे.

इतक्यावरून भाबडे लोक टाळ्या पिटूं लागतील, म्हणून घाईनें दुसरी बाजू मांडतों. कतारची राजधानी दोहा येथें २००८ सालीं चर्च उघडलें. जागा अमीराची. इमारत प्रशस्त, पण बाहेरून क्रूस दिसावयाचा नाहीं, घंटा वाजावयाची नाहीं. देणाऱ्याचे आभार मानावे, आम्हीहि मानतों. परंतु जो देतो तोच अट घालतो, आणि उद्यां ती अट बदलणेंहि त्याच्याच हातीं असतें. कोणी आपल्या पडवींत आपणांस खाट टाकूं दिली म्हणून घराच्या उताऱ्यावर आपलें नांव चढत नाहीं.

आणि खरी मेख तर धर्मांत नाहींच. रत्नागिरी, चिपळूण, खेड या बाजूचे कोंकणी मुसलमान त्याच आखातांत पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. मालक ज्या दिशेला तोंड करून नमाज पढतो, त्याच दिशेला तेहि करतात. तरीहि परवान्याची मुदत संपली कीं वसईच्या ख्रिस्त्याबरोबर एकाच विमानांत बसून त्यांनाहि परतावें लागतें. कुवेतनें १९८२ सालीं कायदा दुरुस्त करून नव्यानें द्यावयाचें नागरिकत्व मुसलमानांपुरतेंच राखून ठेवलें, हें निंद्यच होय. पण म्हणून चिपळूणच्या मुसलमान मजुरासाठीं तें दार उघडें आहे असें कोणी समजूं नये. अमिरातींनीं २०२१ सालीं परकीयांना नागरिकत्व देण्याची तरतूद केली, ती शास्त्रज्ञ, डॉक्टर, भांडवलदार, कलावंत अशांसाठीं. तीहि तेथल्या सत्ताधाऱ्यांनीं नांव सुचविलें तरच. कामगाराच्या नशिबीं आली ती ‘कफाला’ पद्धति. ज्याच्या नांवें परवाना, त्याच्या मर्जीवर मुक्काम! पारपत्र काढून घेण्यास मनाई असूनहि कित्येकांचें पारपत्र मालकाच्या कपाटांतच पडून राहतें.

१९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत गिळलें, तेव्हां सुमारें १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गें विमानांनीं परत आणावें लागलें. जन्मभर जमविलेला संसार मागें टाकून, हातांत मावेल तेवढें सामान घेऊन हीं माणसें मुंबईस उतरलीं. त्यांत चर्चला जाणारे होते, मशिदींत जाणारे होते, देवघरांतली मूर्ति पदराखालीं घेऊन आलेल्या बायाहि असतील.

म्हणूनच चर्चला मिळालेल्या जमिनींपेक्षां आम्ही दोन रुक्ष कलमांना अधिक मोल देतों. कतारनें २०२० सालीं मालकाच्या अनुमतीवांचून नोकरी बदलण्याची मुभा दिली; अमिरातींत २०२३ पासून मुसलमानेतरांच्या विवाहाला व वारशाला स्वतंत्र दिवाणी कायदा लागू झाला. हीं कलमें अपुरीं आहेत, त्यांची अंमलबजावणीहि ढिली असेल. पण त्यांच्या आधारें तो तरुण कारकुनापुढें हात न जोडतां उभा राहूं शकतो.

आतां घरच्या शहाण्यांकडे वळूं. ‘तिकडे जाऊन पहा, म्हणजे इकडचें सुख कळेल,’ असें येथल्या ख्रिस्त्याला सुनावणारे आणि सौदी राजाचा जाब रत्नागिरीच्या मुसलमानाला विचारणारे, असे महाभाग दिवाणखान्यांतून हल्लीं बरेच भेटतात. त्यांना त्या परदेशस्थ तरुणाशीं कांहीं कर्तव्य नसतें. तो त्यांच्या हातांतला दगड असतो एवढेंच. येथल्या ख्रिस्त्याचें चर्च कोणाच्या औदार्यावर उभें नाहीं. तें राज्यघटनेच्या पंचविसाव्या व सव्विसाव्या कलमांवर उभें आहे. लोकसत्ताक राज्याचें माप वंशपरंपरागत अमीराच्या फूटपट्टीनें घ्यावयाचें असेल, तर घटनासमितीनें जवळजवळ तीन वर्षें खटाटोप कशाला केला?

राहिला प्रश्न निघालेल्या मुलाचा. त्याची आई दलालाला विचारते, ‘तिकडे देऊळ आहे ना हो?’ आहे, असें तो छातीठोकपणें सांगतो, आणि तें बहुधा खरेंहि असतें. यापुढचे प्रश्न बापानें विचारावे: १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील तुमची नोंदणी दाखवा पाहूं, करारांत पगाराचा जो आंकडा आहे, तोच तिकडच्या अरबी प्रतींतहि आहे काय, आणि मुलाचें पारपत्र कोणाजवळ राहणार? आमच्या परिचयाच्या दोनतीन कुटुंबांनीं हे प्रश्न विचारून पाहिले, तेव्हां दलालाला एकाएकीं दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली.