गैरहजेरी कळली पाहिजे!

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. समजा, तुमचा रूममेट गावी गेलाय आणि उद्या सकाळपासून तुम्ही खोलीबाहेर पडलाच नाहीत. सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल? रेक्टर सरांच्या? क्लास टीचरच्या? की डिपार्टमेंटमधल्या बायोमेट्रिक मशीनच्या? मशीनला कळेल हो, पण ते काही दार वाजवायला येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच होस्टेलवर एक मुलगा तापाने फणफणून चार दिवस खोलीत पडून होता. शेवटी चौकशी केली ती मेसमधल्या वाढप्याने. "तो रोज जास्तीचं ताक मागणारा पोरगा दिसला नाही हो," एवढंच तो म्हणाला आणि मग धावाधाव झाली. दवाखाना, सलाईन, घरी फोन... सगळं व्यवस्थित पार पडलं. त्या धावाधावीत अख्खी विंग होती, रात्रभर जागणारेही होते. म्हणजे आपण काही दगड नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल उतरवून देणारी, परीक्षेच्या दिवशी स्वतःचा कॅल्क्युलेटर देऊन टाकणारी पोरं आपल्यातच आहेत. मदत करायची तयारी भरपूर आहे. कमी पडतं ते एवढंच, की मदतीची गरज आहे हे कळतच नाही.

कोणाला तरी वेळेवर कळावं यासाठी नुसता चांगुलपणा पुरत नाही, काहीतरी व्यवस्था लागते, असं माझं मत आहे. आणि अशी व्यवस्था मी जिथे नीट चालताना पाहिली, ती जागा म्हणजे चर्चचा गायकवृंद. बोलीभाषेत कॉयर.

आता तुम्ही म्हणाल, तुझा आणि चर्चचा काय संबंध? काहीच नाही! आमच्या घरी विठोबा. पण माझा रूममेट वसईचा. कितीही टर्मवर्क बाकी असो, शनिवारी दुपारी हा गडी बॅग उचलणार म्हणजे उचलणार. "अरे, तालीम आहे." मला वाटायचं, घरच्या जेवणासाठी बहाणा असेल. मग तीन-चार वेळा मीही गेलो, मागच्या बाकावर बसून तालीम ऐकली, आणि हे प्रकरण वेगळंच आहे हे कळलं.

वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, हे आपण शाळेत शिकलोय. सत्ता गेली, पण तिथली ख्रिस्ती वस्ती आणि तिची चर्चेस राहिली. कित्येक पिढ्या मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये चालायची. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत उपासनेला परवानगी दिली आणि मग वसईच्या चर्चमध्ये मराठी गाणी घुमू लागली. मी पाहिलेल्या तालमीत एका बाजूला कीबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला पेटी-तबला, आणि दोघांचं अजिबात भांडण नाही.

गाणारे कोण? बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, इस्पितळातली नर्स, वाडीत काम करून आलेले काका, अकरावीची पोरं. निम्मे विरार लोकलमध्ये चेंगरून नुकतेच उतरलेले. मानधन शून्य. आवाजाची परीक्षाही नाही. ज्याला सूर अजिबात लागत नाही, तो वह्या वाटतो, माइकच्या वायरी गुंडाळतो. पण तोही कॉयरमधलाच. त्याला कोणी "बाहेरचा" म्हणत नाही.

गाण्याचे साधारण चार आवाज असतात. बायकांचे दोन, सोप्रानो आणि आल्टो. पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. चौघांच्या ओळी वेगळ्या, पण एकात एक बसलेल्या. त्या कॉयरमध्ये बास गाणारे चारच जण. त्यातले दोन आले नाहीत की गाण्याचा पाया खचलाच. मास्तर वाजवणं थांबवतात आणि विचारतात, "बास कुठे गेला?" मी गेलो होतो त्या एका शनिवारी उत्तर आलं, "त्याच्या आईला ॲडमिट केलंय." तालीम पाच मिनिटं थांबली. कोणी कुठलं इस्पितळ ते विचारलं, कोणी रक्तगट विचारला. तालीम संपल्यावर दोघं जण परस्पर तिकडेच गेले आणि पुढच्या आठवड्याच्या रात्रीच्या पाळ्या तिथल्या तिथे लागल्या. ना अर्ज, ना भाषण. नेहमीचा आवाज कानाला लागला नाही, म्हणून विचारलं आणि विचारलं म्हणून कळलं. बस्स!

मयताच्या वेळीही हेच. मरण काही रविवार बघून येत नाही. मंगळवारी दुपारी अंत्यविधी असला तर गाणार कोण? फोनाफोनी होते. नाइट शिफ्टवाला झोप अर्धी टाकून येतो, निवृत्त शिक्षक येतात, सुट्टीवर असलेली पोरं येतात. सहा तर सहा जण, पण गाणं होतं. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घराला त्या दिवशी गाण्याची सफाई ऐकायची नसते. लोक आले, एवढं पुरतं.

कॉयरमधली एक तांत्रिक गोष्ट तर आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना लगेच पटेल. गाण्यात एखादा सूर फार लांब धरायचा असतो, एका माणसाच्या फुप्फुसात मावणार नाही इतका लांब. मग काय करतात? सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारचा गातोय तोवर मी घेतो, मी गातोय तोवर तो घेतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. पण हे जमायला दोन गोष्टी लागतात. एक, शेजाऱ्याकडे कान हवा. दुसरी, आपण थांबलो तरी गाणं पडणार नाही असा विश्वास हवा.

आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात दुसरं काय असतं? वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नाम चालू राहतं. पहाटेच्या पहाऱ्याचा माणूस आला नाही, तर आधीचा विणेकरी वीणा घेऊन तसाच उभा. म्हणून कोणीतरी त्याच्या घरी पळतच जातं. धर्म वेगळा, पण माणसांची जुळणी अगदी तीच!

ही जुळणी ज्यांनी ओळखली ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरच्या मिशनमध्ये राहून त्यांनी मराठी ख्रिस्ती गीतं लिहिली. त्यांच्या आधी परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी गायली जायची. खेड्यातल्या माणसाच्या तोंडात ती बसणार कशी? टिळकांनी अभंगाचं, भजनाचं वळण घेतलं, कारण ते वळण लोकांच्या कानात जन्मापासून होतं. अक्षर न येणारी आजीसुद्धा दुसऱ्या ओळीला सामील होऊ शकते, अशी ती गाणी. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात ती आजही आहेत. मंडळी जमवायची असेल, तर काम असं निवडावं की कोणालाही त्यात घुसता येईल, हा मी त्यातून घेतलेला धडा.

आता होस्टेलच्या अगदी जवळ येऊ. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथे गावातल्या पोरांना प्रार्थनेबरोबर सुरांची लिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं हवीत, एवढाच हेतू. पण त्यातून गरीब घरच्या पोरांच्या हाती पोटापाण्याची विद्या आली. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यात ज्यांचं नाव आहे ते अँथनी गोन्साल्विस म्हणजे खरेखुरे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. जन्म १९२७, गाव माजोर्डा, वडील तिथल्या चर्चचे कॉयरमास्तर. त्यांनी मुंबईत ज्यांना व्हायोलिन शिकवलं त्यातले एक म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत अशा गोवेकर वादकांची फळीच्या फळी होती.

आणि ही गोव्याची माणसं मुंबईत उतरायची कुठे? 'कूड' नावाच्या जागेत. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या लोकांसाठी चालवलेलं वसतिगृहच! धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. भिंतीला लागून खलाशांच्या ट्रंका, भाडं नाममात्र, राहणारे कोणी बोटीवरचे, कोणी स्वयंपाकी, कोणी वाजवणारे. आणि एका बाजूला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी तिच्यासमोर जमून जपमाळेची प्रार्थना करायची, गायचं, असा दंडक. जो नाही आला त्याची चौकशी आपोआप. नवखा पोरगा मुंबईत हरवू नये यासाठी रोजची ही हजेरी किती कामाची असेल, विचार करा. काही कुडी आजही चालू आहेत.

म्हणजे आता होस्टेलमध्येही आरत्या आणि प्रार्थना सक्तीच्या करायच्या का? मुळीच नाही! आणि गाण्याची तरी अट आहे का? इथे एक अभ्यास सांगतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रौढांचे काही नवे वर्ग, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे, असे त्यांनी सात महिने पाहिले. गाणाऱ्यांची आपापसात गट्टी फार लवकर जमली. पण सात महिन्यांनंतर बाकीचे वर्गही तितकेच जवळ आले होते! म्हणजे गाण्याने गाडी लवकर पिकअप घेते, पण पोहोचायचं तर नियमाने भेटत राहावंच लागतं.

सगळं गोड गोड आहे असंही नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत एकट्याने गायची ओळ कोणाला मिळणार यावरून रुसवेफुगवे होतात, हे रूममेटनेच हसत सांगितलं. जिथे चौकशी असते तिथे चोंबडेपणाही असतो. कुडींचं तर याहून गंभीर. तिथे बायकांना जागा नव्हती, आणि काही गावांच्या कुडी जातीनुसार वेगळ्या होत्या. "आपल्या माणसांना मदत" म्हणताना "आपला कोण" हे ठरवून मोकळं व्हायचं, हा रोग तिथेही होता. आपल्याकडे नाही? "आमच्या जिल्ह्याचा ग्रुप", "आमच्या बॅचचा ग्रुप". कोणत्याच ग्रुपचा नसलेला जो एकटा उरतो, प्रश्न त्याचाच तर आहे! व्हॉट्सॲपवर विंगचा ग्रुप आहेच, म्हणाल. पण तिथे साठ जण असताना एक गप्प बसला तर काय कळतं? तिथे तर सगळेच गप्प असतात आणि फक्त वाढदिवसाला केक दिसतो.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. प्रत्येक मजल्याने आठवड्यातला एक तास ठरवावा. वार आणि वेळ पक्की, परीक्षा असो वा नसो. त्या तासात काय करायचं ते मजल्याने ठरवावं. गाणं, नाटकाची तालीम, सायकली दुरुस्त करणं, मेसच्या हिशेबाची तपासणी, काहीही. फक्त ते काम असं हवं की माणूस कमी पडला तर अडलं पाहिजे. नुसता पिक्चर लावून बसण्यात कोणाचं काय अडतं? निवड चाचणी नको. ज्याला काहीच येत नाही त्याला वायरी गुंडाळायला द्या, पण यादीत त्याचं नाव हवं. आणि जो आला नाही, त्याच्या दारावर त्याच रात्री कोणीतरी जाऊन टकटक करायची. "का आला नाहीस?" असं दरडावून नको. "बरा आहेस ना?" एवढंच.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. याचं सर्क्युलर काढू नका आणि याला मार्क देऊ नका. मार्क आले की पोरं सही करून पळणार, हे तुम्ही जाणताच. फक्त प्रत्येक मजल्यावरची एक खोली त्या तासापुरती उघडी ठेवा. जिमखान्याच्या कपाटात धूळ खात पडलेली पेटी आणि तबल्याची जोडी बाहेर काढून द्या. आणि मेसमधल्या, सफाईच्या, गेटवरच्या माणसांनाही या तासाला बोलवा. आपल्यातलं कोण दिसेनासं झालंय, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

इंजिनिअरिंगची चार वर्षं हा तसा फार लांब धरलेला सूर आहे. केटी लागते, घरून वाईट बातमी येते, कॅम्पसमध्ये नाव लागत नाही. प्रत्येकाला कधी ना कधी मध्येच थांबून श्वास घ्यावा लागणारच. त्या वेळी शेजारच्याने गात राहायला हवं, आणि आपण थांबलोय हे त्याला ऐकू यायला हवं. पुढच्या सत्रापासून निदान एका मजल्याने तरी सुरुवात करून बघावी. आमचा मजला तयार आहे. वार गुरुवार, वेळ रात्री नऊ. सूर लागत नसेल तरी या, वायरी भरपूर आहेत!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी