पॉलिहाऊसचा फाटलेला कागद जातो कुठे? नगरच्या हायटेक शेतीत चक्र नेमकं कुठे तुटतंय

पॉलिहाऊस उभं राहतं तेव्हा फोटो निघतात, अनुदानाची फाइल पुढे सरकते. तीन-चार वर्षांनी त्याचा कागद फाटतो तेव्हा मात्र शेतकरी एकटाच असतो.

शेतकरी ज्याला ‘कागद’ म्हणतात, ती असते २०० मायक्रॉन जाडीची पॉलिथीन फिल्म. ऊन तिला ठिसूळ करतं, धुळीमुळे आत प्रकाश कमी येतो आणि मे महिन्यातलं एखादं वादळ उरलेलं काम करतं. हे प्लॅस्टिक थोडंथोडकं नाही. एक चौरस मीटर कागद सुमारे १८४ ग्रॅम भरतो. एक एकराच्या पॉलिहाऊसला छत आणि बाजू मिळून साडेपाच ते सहा हजार चौरस मीटर कागद धरला, तर दर बदलाला एक टनाच्या आसपास प्लॅस्टिक निघतं. त्यातलं काही कांद्याच्या ढिगावर, काही गोठ्यावर चढतं. बाकीचं भंगारात जातं, बांधावर पडतं किंवा जाळलं जातं.

प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं पॅकेजिंगपुरती आहेत. म्हणजे दुधाच्या पिशवीचा हिशेब ठेवावा लागतो, पॉलिहाऊसच्या टनभर कागदाचा नाही.

‘चक्राकार’ म्हणजे काय?

शेतातून बाहेर पडणारं पाणी, खत, काडीकचरा आणि प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणणं, एवढाच याचा सरळ अर्थ. यात नेदरलँड्सचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. तिथे मुळांखालून निथळलेलं खतमिश्रित पाणी गोळा करून, निर्जंतुक करून पुन्हा पिकाला देतात. २०२७ पर्यंत ग्रीनहाऊसमधून खतं आणि कीटकनाशकं बाहेरच्या पाण्यात जवळपास अजिबात जाऊ द्यायची नाहीत, असं तिथलं उद्दिष्ट आहे. रॉटरडॅमजवळच्या रिफायनरीतला आणि इथेनॉल प्रकल्पातला कार्बन डायऑक्साइड पाइपलाइननं ग्रीनहाऊसपर्यंत नेला जातो.

इथेनॉल तर नगर जिल्ह्यातले साखर कारखानेही बनवतात, मग हे इथे का नको? कारण आपली बहुतेक पॉलिहाऊस हवेशीर, बाजूनं उघडणारी आहेत. आत सोडलेला वायू दहा मिनिटंही टिकणार नाही. डच मॉडेल जसंच्या तसं उचलण्यात म्हणूनच फार अर्थ नाही.

नगरमध्ये सुरुवात पाण्यापासून

अकोल्याचा घाटमाथा सोडला तर अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. ५०० मिलिमीटर पाऊस धरू. ४,००० चौरस मीटर छपरावर तो २० लाख लिटर होतो. पन्हळी नीट असतील आणि त्यातलं ८० टक्के शेततळ्यात पोचलं, तर १६ लाख लिटर. ड्रिपवरच्या ढोबळी मिरचीला रोज चौरस मीटरमागे दोन लिटर धरले, तर हे पाणी २०० दिवस पुरतं. अर्थात बाष्पीभवनाची घट वेगळी.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या क्षारपड जमिनी जुन्या आहेत, आणि अनेक ठिकाणी बोअरचं पाणीही क्षारयुक्त असतं. असं पाणी फिरवून फिरवून वापरलं की प्रत्येक फेरीत सोडियम साठत जातं आणि पीक बसतं. पावसाचं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. त्यामुळे निथळलेलं पाणी परत वापरायचं असेल तर आधी छपराचं पाणी साठवावं लागतं. क्रम उलटा केला तर महागडा फिल्टर बसवूनही फायदा होत नाही. शिवाय मातीच्या गादीवाफ्यांवरचं पीक असेल, तर निथळा गोळा करणंच अवघड. कोकोपीटच्या कुंड्या आणि खाली पन्हळ असेल तरच ते जमतं.

पैसा कुठे अडतो?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या निकषांत साध्या हवेशीर पॉलिहाऊसचा खर्च, मोठ्या आकारासाठी, चौरस मीटरला ८४४ रुपये धरला होता आणि अनुदान ५० टक्के. ४,००० चौरस मीटरला ३३ लाख ७६ हजार, त्यातले निम्मे शेतकऱ्याचे. अनेकांनी ते बँकेतून उचलले. मग भाव पडले. १ जून २०१७ ला याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, कर्जमाफीही आली, पण तिची मर्यादा होती दीड लाख. पॉलिहाऊसचं कर्ज त्यात कुठे बसणार?

२०२० च्या मार्चमध्ये लग्नं आणि मंदिरं बंद झाली, तशी जरबेरा-गुलाबाची मागणीच संपली. शिर्डीच्या साईमंदिरात कोरोनाकाळात थांबलेली फुलं-हार वाहण्याची पद्धत तर थेट २०२४ च्या अखेरीस, न्यायालयाच्या परवानगीनंतर पुन्हा सुरू झाली.

अशा हिशेबात दुसऱ्या कागदाचे पैसे काढताना दमछाक होते, निथळ्याची टाकी दूरच. खरं तर खत वाचवणारी आणि बोअरवरचा भार हलका करणारी गोष्ट तीच. पण जुन्या निकषांत पॉलिहाऊसचं अनुदान चौरस मीटरवर मोजलं गेलं. किती क्षेत्र झाकलं हे त्यात दिसतं. छपरावरचं पाणी तळ्यात गेलं की ओढ्यात, आणि जुना कागद कोणी परत नेला की नाही, हे त्या मोजमापात कुठेच येत नाही.