वाकलेल्या फळ्या

आमच्या घराच्या मागील अंगास, विहिरीच्या बाजूला, एक उघडा लाकडी सज्जा आहे. उन्हाळ्यांतील वाळवणें, मुलांचा अभ्यास, वडील मंडळींच्या संध्याकाळच्या गप्पा, सर्व कांहीं तेथेंच. गेल्या श्रावणांत एका फळीच्या वर आलेल्या कडेस आमच्या वडील वहिनींचा पाय अडखळला. त्या पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. "सुतारानें फसविलें!" अशी घरांत एकच ओरड झाली आणि, सांगावयास लाज वाटते, त्या ओरडींत आमचाच आवाज सर्वांत मोठा होता.

पुतण्या म्हणाला, फळ्या काढून सिमेंट घालावें. वहिनी मात्र म्हणाल्या, "भावोजी, फळी वाकली कशानें, तें तरी आधीं पाहा." निदानावाचून चिकित्सा करूं नये, हें जन्मभर मुलांस शिकवून आम्ही स्वतः विसरलों होतों.

निदान असें. लाकूड ओलाव्यानें फुगतें व वाळल्यानें आटतें. पण सर्व दिशांनीं सारखें नव्हे. लांबींत हा फरक जवळजवळ नसतोच. रुंदींत असतो, आणि गाभ्याकडून सालीकडे लाकूड जितकें आटतें, त्याच्या सुमारें दुप्पट तें वलयांच्या अंगानें आटतें. म्हणून ज्या फळीच्या तोंडावर वलयें आडवीं दिसतात ती अधिक वाकते. उभीं दिसतात ती कमी. आमच्या फळ्या पहिल्या जातीच्या. त्यांतच वरून ऊन व खालून ओल. वरचें अंग आटलें, खालचें फुगलेलें राहिलें आणि फळ्या परातीसारख्या कडांनीं उचलल्या.

पण एवढेंच नव्हे. सहा वर्षांपूर्वीं सज्जा घालतांना सुतारानें दोन फळ्यांमध्यें फट ठेविली होती. "मास्तर, पावसाळ्यांत फळीला अंग फुगवायला जागा लागते," असें त्यानें सांगितलेंहि होतें. खालीं पापड पडतील म्हणून आम्हींच ती फट बुजवून घेतली. दोहों अंगांस तेल द्यावें असें तो म्हणाला, तर न दिसणाऱ्या अंगास तेल कशाला, म्हणून खर्च वांचविला. दोष कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां चिकित्सा. वाकलेली फळी जागेवरच हातोड्यानें ठोकून बसवूं नये, ती चिरते. खिळे काढून फळी मोकळी करावी आणि टोच्यानें टोचून पाहावी. टोच्या सहज आंत गेला तर ती कुजली समजावी व बदलावी. धड फळी ओलसर गवतावर, खोलगट अंग खालीं करून, उन्हांत ठेवावी. खालचें अंग ओल घेऊन फुगतें, वरचें आटतें व वांक उतरूं लागतो. रोज पाहत जावें, नाहींतर ती उलटी वाकेल. सरळ झाली कीं सावलींत वाळूं द्यावी. फार जुना वांक पुरता जात नाहीं. तेथें रंधा फिरवावा.

मग दोन्ही अंगांस व विशेषतः दोन्ही तोंडांस जवसाचें तेल द्यावें, कारण तोंडांतून पाणी सर्वांत लवकर शिरतें. फळ्या बसवितांना मध्यें चार-पांच मिलिमीटर फट ठेवावी. प्रत्येक कडीवर गिरमिटानें आधीं भोंक पाडून, दोन्ही कडांजवळ एकेक न गंजणारा स्क्रू बसवावा. साधा खिळा फळीच्या ओढीबरोबर हळूहळू वर येतो.

एक पथ्य विसरूं नये. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये; जवसाचें तेल वाळतांना तापतें आणि बोळा आपोआप पेट घेऊं शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्या. शिवाय फटींत साचणारी माती पावसाळ्यापूर्वीं काढीत जावी.

हें काम त्याच सुतारानें केलें. आम्ही स्वतः त्याच्या घरीं गेलों व झाली चूक सर्वांसमक्ष कबूल केली. तो फारसें बोलला नाहीं. दुसरे दिवशीं सज्जावर बसून एवढेंच विचारलें, "मास्तर, फट केवढी ठेवूं?"

आम्ही म्हटलें, "तुम्ही म्हणाल तेवढी."

वहिनींचें मनगट आतां बरें आहे. यंदा त्यांनीं पापड जाड धोतरावर वाळत घातले. फटींतून एकहि खालीं गेला नाहीं.