सहीने जबाबदारी संपत नाही

हिवाळा लागला की सांदण दरीच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळची ही दरी म्हणजे सह्याद्रीच्या कातळाला पडलेली खोल, अरुंद भेग. चाळीतली, वस्तीतली, वसतिगृहातली आपली मुलेमुलीही आता पाठीवर पिशवी टाकून तिकडे निघू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजीने डोंगर पाहिला तो सरपणाची मोळी आणण्यासाठी, त्यांनी तो हौसेने पाहावा, यात वावगे काय?

परंतु निघण्यापूर्वी त्यांच्यापुढे एक कागद सरकवला जातो. मी स्वेच्छेने येत आहे, इजा अथवा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, असा त्याचा मजकूर. मुले न वाचताच सही करतात आणि आयोजकाला वाटते, आपण सुटलो. प्रश्न असा आहे की, तो खरोखर सुटतो काय?

पैसे घेऊन सहल नेणे ही कायद्याच्या भाषेत सेवा आहे आणि सेवेतील निष्काळजीपणा ही त्रुटी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकावर लादलेल्या अन्याय्य अटी राज्य आयोग रद्दबातल ठरवू शकतो. भरपाईची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत साधारणपणे दोन वर्षांची. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा आहे. फौजदारी जबाबदारी कोणत्याही छापील कागदाने माफ होत नाही. डोंगरातला स्वाभाविक धोका आपण पत्करतो, हे खरे. कुजलेला दोर मात्र आपण पत्करलेला नसतो.

तथापि कायदा येतो तो अपघातानंतर. आई-बापाला भरपाई नको असते, लेकरू हवे असते. म्हणून पैसे भरण्याआधीच प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न हवामानाचा. वरच्या पठारावर पाऊस झाला की पाणी याच भेगेतून कोकणाकडे धावते. दोन्ही बाजूंना उभा कातळ, पळायला जागा नाही. पावसाळ्यात दरीत उतरणे म्हणजे मरण ओढवून घेणे. अवकाळी ढग दिसले तर सहल रद्द करणार काय आणि पैसे परत देणार काय, हे लेखी घ्यावे. रद्द केल्यास नुकसान होणारा आयोजक आभाळाकडे डोळेझाक करण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न वाटेचा. अर्ध्यावरून परतायचे की दोराने कडे उतरून डेहणे गावाकडे जायचे? कडा उतरल्यावर त्याच वाटेने मागे फिरणे सोपे नसते. मग प्रत्येकाला हेल्मेट आहे काय? दोर लावणारा प्रशिक्षित आहे काय? एका प्रशिक्षकामागे माणसे किती? ज्याला दम लागतो, पोहता येत नाही, त्याच्यासोबत शेवटी कोण चालणार? दरीत मोबाईल लागेल असे धरून चालू नये. गावात कोणाला परतीची वेळ सांगून ठेवली आहे?

तिसरा प्रश्न नोंदणीचा. राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे. नोंदणीपत्र आणि विमा दाखवा म्हणण्यात लाज कसली?

आणि चौथा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही, तो वाटाड्याचा. हा आदिवासी मुलूख आहे. कोणत्या कुंडात पाणी किती, कोणता धोंडा हलतो, हे साम्रदच्या माणसाला ठाऊक. सर्वांचे जीव त्याच्या शब्दावर. पण त्याच्या हाती पडते किती? विम्याच्या यादीत त्याचे नाव असते काय? वाटाड्या ‘आज उतरू नका’ म्हणाला तर आयोजकाने ऐकलेच पाहिजे, ही अट आपणच घालावी. ज्याच्या ज्ञानावर सहल चालते, त्याला हमाल समजणारा आयोजक आपल्यालाही गिऱ्हाईकच समजणार.

तेव्हा तरुण मित्रांनो, डोंगरात जरूर जा. मात्र सहीसाठी कागद पुढे आला की वाचा, आक्षेपार्ह ओळ खोडा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. उत्तर देण्याचे टाळणाऱ्याबरोबर जाऊ नका. सांदण कोठे पळून जात नाही. पुढच्या हिवाळ्यातही ती तिथेच असेल.