वाढत्या मापाचे बूट

आमच्या लहानपणी जून महिना आला की बाटाच्या दुकानात आमची वरात निघायची. शाळेचे काळे बूट आणि पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन्ही एक माप मोठे. "पुढच्या वर्षीही झाले पाहिजेत," हे घरातले ठरलेले वाक्य. पुढे कापूस कोंबायचा, शनिवारी सकाळी खडू फासून बूट पांढरे करायचे आणि कवायतीला पळायचे. त्याने आमचे काहीच बिघडले नाही, असे आम्ही इतकी वर्षे मानत आलो.

गेल्या सप्टेंबरात आमची मुलगी शाळेच्या क्रॉस कंट्री संघात गेली. आम्ही दोघांनी तिला सेलमध्ये बूट घेऊन दिले. तिच्या मापाचा जोड चवड्याला आवळत होता, म्हणून एक माप मोठा घेतला. शिवाय वाढते अंग! निम्म्या किमतीत काम झाले म्हणून घरी येईपर्यंत आम्ही स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

तीन आठवड्यांनी ती सरावाला जायची टाळाटाळ करू लागली. आम्ही नेहमीचे भाषण दिले: चिकाटी हवी, हाती घेतलेले अर्ध्यावर सोडू नये, वगैरे. एका रात्री आजीने पायाला तेल लावायला तिचे मोजे काढायला लावले, तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झालेली दिसली.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बुटांवर इतके खूश होतात! मग कसं सांगू?"

मुलांनो, यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. म्हणून हा लेख.

आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले. चूक नेमकी कुठे झाली हे शोधण्याचाच पगार घेतो. इथे चूक अशी होती की बूट रुंदीला कमी पडत होता आणि आम्ही लांबी वाढवली. लांब बुटात पाय उतारावर पुढे सरकतो आणि अंगठा पुढच्या भिंतीवर आदळतो. अमेरिकन मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. ऐकायला थोडे वाटते. पण धावताना एका मैलात दोन्ही पायांची मिळून दीड हजाराच्या आसपास पावले पडतात. तेवढे हातोडे कोणते नख सोसेल?

इथे बुटाला लांबीचा आकडा असतो तसे रुंदीचे अक्षरही असते. पुरुषांत 'डी' साधारण आणि 'टू-ई' रुंद; बायकांत 'बी' साधारण आणि 'डी' रुंद. इतकी वर्षे इथे राहून आम्हांला याचा पत्ता नव्हता. दुकानात सरकत्या पट्ट्यांचे धातूचे मापयंत्र असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात ते तयार केले. ते लांबी मोजते, रुंदी मोजते आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतरही मोजते. समोर दिसले नाही तर मागावे. लाजू नये.

माप संध्याकाळी, उभे राहून, नेहमीचे मोजे घालून घ्यावे. दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचा बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती वाढीसाठी नव्हे, धावताना पाय पसरतो त्यासाठी. टाच मागे घट्ट बसावी, उचलली जाऊ नये. बूट वाकवला तर चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे.

काही पालक म्हणतील, "मग सरळ महागातले घ्यावेत." तेही खरे नाही. अमेरिकेच्या लष्करात २००९-१० च्या सुमारास नव्या जवानांना तळव्याच्या कमानीप्रमाणे वेगवेगळे बूट देऊन पाहिले. त्यामुळे दुखापती काही कमी झाल्या नाहीत. आमचे मत असे की घातल्या क्षणी पायाला बरा वाटेल तो बूट चांगला. जाहिरात आणि किंमत नंतर. "दोन दिवसांत सैल होतील," या दुकानदारी आश्वासनावर तर मुळीच विसंबू नये.

दुसरे काही म्हणतील, "आम्ही गावाकडे अनवाणी पळालो." खरे आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि १९६४ साली टोकियोची बूट घालून. पण दोन्ही वेळा पायांना सवय होती. आपली मुले डांबरी रस्त्यावर आणि जिमच्या फरशीवर वाढलेली. त्यांना अनवाणी पळा असे आपण सांगत नाही. न बसणारा बूट घालून पळा असे सांगतो. ते अनवाणी पळण्यापेक्षा वाईट.

चालणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो. चालताना वजनाहून थोडाच जास्त. म्हणून चालायला जाड गादीची गरज नाही. आजीला आम्ही हौसेने फुगीर तळाचे बूट आणले. ती म्हणाली, "गादीवरून चालल्यासारखं वाटतंय, तोल जातो." ते परत केले आणि पातळ, घट्ट, न घसरणाऱ्या तळाचे, पट्टीने बंद होणारे घेतले. आता रविवारी वर्ग चालू असताना ती आमच्याबरोबर शाळेच्या ट्रॅकला चार फेऱ्या मारते, म्हणजे जवळजवळ एक मैल.

बूट किती दिवस टिकतात? साधारण ३०० ते ५०० मैल. आठवड्याला पंधरा मैल धावणाऱ्या मुलाचे बूट पाच-आठ महिन्यांत संपतात. म्हणजे 'पुढच्या वर्षीही झाले पाहिजेत' हा आपला हिशेबच इथे लागू होत नाही. पैसे वाचवण्याची सवय चांगली आहे, त्याच सवयीने आपण इथवर आलो. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे पाय पाहून बूट घ्यावेत.

शेवटी गृहपाठ, आणि तो पालकांना. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने कोऱ्या कागदावर उभे राहावे आणि मुलांनी पेन्सिलीने पाय आखावेत. त्यावर मराठीत नावे लिहावीत: टाच, तळवा, चवडा, अंगठा, करंगळी. मग तो कागद घरातल्या बुटावर ठेवून पाहावा. कागद बुटाबाहेर आला तर मुलांनो, मोठ्याने सांगा. आणि पालकहो, त्या वेळी किमतीची गोष्ट काढायची नाही.

— एक पालक